चाकाची साक्ष

पुण्याबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली भाच्याची गाडी जागच्या जागी ताशी दीडशेच्या वेगाने धावत होती. पुढची चाके जमिनीतल्या लोखंडी रोलरवर फिरत होती, नाकासमोर माणसाच्या उंचीचा पंखा वाऱ्याचे सोंग आणत होता, आणि आवाज तर असा, की शब्द ओठांपाशीच विरून जावा. मग चालवणाऱ्याने क्लच दाबला, आवाज ओसरला आणि पडद्यावर आकडा उमटला : ९३. माहितीपत्रकात ११० अश्वशक्ती छापलेली होती. भाच्याचा चेहरा उतरला. ‘‘मामा, सतरा घोडे गेले कुठे?’’

‘‘हे चाकावरचं आहे,’’ डायनोवाला, म्हणजे चाकावरची शक्ती मोजणारे ते यंत्र चालवणारा, शांतपणे म्हणाला. ‘‘इंजिनचं काढायला पंधरा टक्के लॉस धरा.’’ भाच्याने मोबाइलवर त्र्याण्णवात त्याचेच पंधरा टक्के मिळवले. उत्तर १०७ आले. डायनोवाल्याने मान हलवली. ‘‘मिळवायचं नसतं साहेब, भागायचं. पॉइंट पंच्याऐंशीने.’’ आता १०९.४ आले. भाचा सुखावला आणि मी मात्र त्या मिळवणे आणि भागणे यांच्यामधल्या अडीच घोड्यांपाशी अडकलो. पंधरा टक्के घटले ते इंजिनातून निघालेल्या शक्तीतून, चाकापर्यंत पोचलेल्या शक्तीतून नव्हे. वाटेचा कर उगमावर बसतो, मुक्कामावर नाही. जे हाती लागले त्यावर काही मिळवून मूळ परत जुळवता येईल, असे आपण सहज मानतो. आठवणींचेही आपण हेच करत असतो.

मला आजोळची विहीर आठवली. बैल धावेवरून उतरत, मोट थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने मळ्याच्या टोकाकडे निघे. आजोबा अगदी शेवटच्या वाफ्याशी दारे धरून बसत. तिथून विहीर दिसत नसे, पण पायांशी येणाऱ्या पाण्यावरून बैल थकले की मोट फाटली, हे ते ओळखत. पाट कोरडा असला की पाणी पितो, दोन दिवस वाहता असला की सोडतो, एवढे एकच कोष्टक त्यांच्यापाशी होते. गिअरबॉक्सचेही असेच असते. थंड तेल दाट असते, दात्यांना ते ढवळत फिरावे लागते, म्हणून पहिल्या फेरीचा आकडा कमी येतो. तेल तापून पातळ झाले की तीच गाडी थोडे अधिक देते. वाटेलाही तहान असते, आणि ती रोज सारखी नसते.

आजोबा पाण्यावरून बैल ओळखत तसल्याच शेषवत् अनुमानाचे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाण्याचे, उदाहरण म्हणून न्यायभाष्यात वात्स्यायनाने फुगलेली नदी दिली आहे : नदीला पूर आहे, त्या अर्थी वर कुठेतरी पाऊस झाला. मला त्याहून प्रिय आहे तो न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला आक्षेपक. तो म्हणतो, नदी अडवल्यानेही फुगते, मुंग्या वारूळ मोडल्यानेही अंडी घेऊन निघतात, मोराचा आवाज माणूसही काढतो. मग अनुमानावर भिस्त कशी ठेवायची? त्याला मिळालेले उत्तर सुंदर आहे. नुसते वाढलेले पाणी पाहू नकोस. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात वाहून आलेली पाने, फळे, लाकडे असतात. त्र्याण्णव हा आकडा असाच नुसता वाढलेल्या पाण्यासारखा आहे. टायरमध्ये हवा कमी असेल, पट्ट्या जास्त आवळून चाक रोलरवर दाबले गेले असेल, क्लच घसरत असेल, तरी आकडा तेवढाच निमूटपणे उमटतो. त्यात पाने-फळे शोधायची नजर डायनोवाल्याची.

आणि ते पंधरा तरी आले कुठून? मला दाट संशय आहे की छापील आकडा आणि चाकाचा आकडा शेजारी ठेवूनच ते कोणीतरी काढले असावेत. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले. बारा टक्के धरले तर भाच्याचे इंजिन १०६ चे होते, अठरा धरले तर ११३ चे. घर्षणाला टक्केवारी ठाऊक नसते. दात्यांची घासण भाराबरोबर वाढते, तेलाचे ढवळणे वेगाबरोबर, आणि बेअरिंग-सीलची ओढ जवळपास आहे तेवढीच राहते. इंजिनची शक्ती उद्या दुप्पट केली तरी वाटेतली घट दुप्पट होईलच असे नाही. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत शक्तीला डिफरन्शियलपाशी काटकोनात वळावे लागते, तिथे तिची आणखी झीज होते. चारही चाके ओढणारीत त्याहून अधिक. तरीही साऱ्यांना पंधरा, कारण पंधरा तोंडात बसले आहेत.

मुळात घोडा हेच माप उदार अंदाजातून जन्मले. गिरणीचा घोडा किती काम करतो, हे जेम्स वॉटला आपली वाफयंत्रे खपवण्यासाठी सांगावे लागले, आणि त्याने मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचलण्याइतके काम ठरवले. दिवसभर तेवढे रेटणे साध्या घोड्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे १८२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून, लांब दांडीच्या टोकाला वजन टांगून यंत्राची ताकद तोलली. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’मधला ब्रेक तो हा. गंमत अशी, की वाटेवर जे घर्षण चोर ठरते तेच इथे तराजू झाले. शक्ती मोजायची तर ती सगळीच्या सगळी उष्णतेत जाळून टाकावी लागली.

छापील आकडाही फार भोळेपणाने घेऊ नये. अमेरिकेत १९७१ पर्यंत पंखा, आल्टरनेटर, सायलेन्सर उतरवलेले उघडे इंजिन मोजून आकडा जाहीर करण्याची रीत होती. ती बदलली, आणि कॉर्व्हेटमधले ३३० अश्वशक्तीचे एलटी-वन इंजिन १९७२ च्या पत्रकात २५५ चे झाले. लोखंड जवळपास तेच होते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवा विरळ. म्हणून डायनो आपल्या आकड्यात दुरुस्ती करून तो एका प्रमाणित दिवसाचा बनवतो, ठरावीक तापमानाच्या, ठरावीक दाबाच्या, पंचांगात कुठेच नसलेल्या दिवसाचा.

भाच्याच्या आग्रहावरून आणखी एक फेरी झाली, आणि या वेळी डायनोवाल्याने मला जवळ बोलावले. शिखर गाठल्यावर त्याने क्लच दाबून धरला. इंजिन बाजूला झाले. चाके, दाते, रोलर आपल्याच संचितावर फिरत राहिले आणि यंत्र त्यांचे मंदावणे टिपू लागले. किती लवकर थांबतात त्यावरून वाट किती खाते हे कळते. ही पद्धत पंधरा टक्क्यांहून प्रामाणिक खरी. पण तीही पुरती नव्हे, कारण भार उतरलेल्या दात्यांची घासण भाराखालच्या दात्यांइतकी नसते. पंखाही आता बंद केला होता. रोलरची घरघर खाली खाली उतरत गेली, देवळातल्या घंटेचा नाद जसा कधी थांबला ते सांगता येत नाही तशी.

जूलने एकोणिसाव्या शतकात भांड्यातले पाणी वल्ह्यांनी ढवळून दाखवले होते, की खर्चलेले काम उष्णता होऊन उरते. हिशेब केला तर सतरा घोडे म्हणजे साडेबारा किलोवॉट, घरातले सहा गिझर एकदम लावल्यासारखे. मी भाच्याला म्हटले, टायरवर हात ठेवून बघ. त्याने वाकून पुढच्या चाकाच्या रबराला तळवा लावला, लगेच मागे घेतला, आणि हसून पुन्हा, जरा जपून, लावला.