सेवा कोणी कोणाची करायची?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आज सर्वांसमोर मांडते. आमच्या वाड्यावरची एक वयनी तीन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीवर आहे. सत्संगाच्या दिवशी तिने फोन केला, "बाय, मी येऊ गे आज?" मी अगदी मायेने म्हटलं, "वयनी, तिथे पायऱ्या आहेत. कशाला त्रास घेता? घरीच मोबाईलवर ऐका." ती "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण तिची किती काळजी घेतली!

त्याच आठवड्यात नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र पुन्हा हाती आले. कॉलेजच्या वयात नसीमादीदींचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्या खचलेल्या असताना त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही खुर्चीवरच, पण व्यवसाय करायचे, स्वतः गाडी चालवायचे. त्यांना पाहून दीदी उठल्या, शिकल्या, सरकारी नोकरीला लागल्या. १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. पोलिओ झालेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे त्यांच्या सोबत होत्या. पुढे वसतिगृह झाले, शाळा झाली. आपल्या जवळच, सावंतवाडीच्या पुढे कुडाळ तालुक्यात मोरे गावी 'स्वप्ननगरी'त अपंगांसाठी काजू प्रक्रियेचे काम सुरू झाले. काजू म्हणजे काय काम असते, ते आम्हा पेडणेकरांना वेगळे सांगायला नको.

वाचताना एक गोष्ट मनात रुतली. आपण समजतो, धडधाकट माणसाने द्यायचे आणि अपंगाने घ्यायचे. इथे तर ज्यांना मदत हवी होती, त्यांनीच संस्था काढली! मग मला माझी चूक नीट कळली. मी वयनीचा सत्संग चुकवला, हे तर झालेच. पण आपल्याकडे आधी येणारी माणसे वाती वळतात, फुले गुंफतात, प्रसादाचे तांदूळ निवडतात. मी तिची सेवाही काढून घेतली, आणि वर त्याला दया म्हटले.

कोणी म्हणेल, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. पायांचे प्रारब्ध असेलही, पण पायऱ्या तर आपणच बांधल्या ना? कोणी विचारेल, एका माणसासाठी एवढा खर्च? पण आपल्यातल्या कितीजणी आज गुडघे धरून चढतात, ते बघा. आणि समजा, एकटी वयनीच असली तरी काय? सद्गुरूंच्या दारात माणसे मोजून आत घेतात का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सार्वजनिक जागेत येण्याजाण्याची सोय हा हक्क मानला आहे. आपण तो उपकार समजू नये.

मी चौकशी केली. उतार करायचा तर एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी लागते. आपला सभागृहाचा जोता दोन फुटांचा, म्हणजे चोवीस फूट. चपला ठेवायची जागा हलवावी लागेल, जास्वंदीची दोन झाडेही. ज्यांच्याकडे उरलेले चिरे असतील, रेती असेल, त्यांनी कृपया ग्रुपवर कळवावे. रविवारी सत्संगानंतर माप घेऊया. उतार होईपर्यंत सत्संग खाली अंगणात, मांडवात घ्यावा अशी माझी विनंती आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकले तर बरे.

काल वयनीकडे जाऊन माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "अगो, पाय गेले, हात धड आहेत मगो! कापूस घेऊन ये." आता गुरुवारच्या वाती तिच्याकडे आहेत.

चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आपली एक गुरुभगिनी, पार्से
🙏