कर्मविपाक आणि पूररेषा

रोग हे रोग्याच्या पूर्वकर्माचे फळ होय, हा कर्मविपाकाचा विचार आधुनिक वैद्यकाने निकालात काढला असे मानले जाते. परंतु दीर्घकाळच्या ताणाचा आणि आजारांचा संबंध प्रयोगांतून दिसू लागल्यापासून तोच विचार नव्या वेषात परतला आहे, आणि हृदयविकार जडलेल्या माणसाला ‘फार मनाला लावून घेता, म्हणून हे झाले’ असे ऐकवणाऱ्याला आपण निवाडा करत आहोत याची जाणीवही नसते.

शरीरशास्त्र सांगते ते असे. धोका जाणवताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि दाह आवाक्यात ठेवणे हे त्याच्या कामांपैकी एक असते. दाह म्हणजे जखम किंवा जंतुसंसर्ग होताच प्रतिकारक पेशींनी सुरू केलेली संरक्षक प्रक्रिया, जिच्यामुळे सूज, लाली आणि वेदना उद्भवतात. धोका टळला की संप्रेरक ओसरते, पण तो महिनोन्‌महिने टळलाच नाही तर पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात आणि एरवी शमणारा दाह मंदपणे चालू राहून रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात असे आढळले, की स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरील लहानशी जखम भरून यायला इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ९ दिवस अधिक लागतात. त्या स्त्रिया मनाने दुबळ्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. त्यांना त्या परिस्थितीतून सुटका नव्हती, एवढेच.

सुटका नसण्याची हीच अवस्था पंचगंगेच्या काठी दर पावसाळ्यात येते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तेव्हापासून चिखली-आंबेवाडीच्या किंवा शिरोळ तालुक्यातील माणसाला नदी पात्राबाहेर पडल्याची नुसती बातमीही जनावरे कधी हलवायची या घोरात टाकते, आणि त्यात कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या वादाची भर पडते. धरणाच्या फुगवट्याचा पुरात वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असले तरी घोर काही मतभेद मिटण्याची वाट पाहत नाही.

यावर अध्यात्माचे परिचित उत्तर दृष्टी बदलण्याचे आहे, आणि त्याला याच जिल्ह्यात दाखला मिळतो. नृसिंहवाडीत पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करणे भाविक भाग्याचे समजतात. श्रद्धेमुळे भय हलके होते हे नाकारण्याचे कारण नाही, आणि पूरग्रस्तांतही दत्तभक्त पुष्कळ असतात. तथापि स्नान आटोपून कोरड्या घरी परतणाऱ्याला आणि ज्याच्या घरात तेच पाणी शिरले आहे त्याला निराळे करते ती दृष्टी नव्हे, तर घराची जागा.

मग दोष कोणाचा, या प्रश्नाचा अधिक खोल विचार चरकसंहितेने केला आहे. एरवी विषादाला रोग वाढवणाऱ्या गोष्टींत अग्रस्थान देणारा हा ग्रंथ विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाकडे, म्हणजे अवघा प्रदेश एकाच वेळी उद्ध्वस्त करणाऱ्या रोगाकडे वळतो. प्रकृती, आहार, वय सर्वांचे निरनिराळे असताना सर्वांना एकच रोग कसा ग्रासतो, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. त्यावर त्याचे गुरू आत्रेय पुनर्वसू सांगतात, की वायू, जल, देश आणि काल हे सर्वांचे समाईक असतात, ते बिघडतात अधर्मामुळे, आणि तो अधर्म राज्य व नगरे चालवणाऱ्या प्रमुखांपासून खाली पसरतो. कर्माचा सिद्धांत येथे सोडलेला नाही, मात्र कर्ता बदलला आहे, आणि कर्मविपाकाच्या नावाने रोग्यालाच बोल लावणाऱ्यांनी नेमका हा अध्याय बाजूला ठेवावा, हे सोयीचेच म्हणायचे.

आत्रेयांचा हा उपदेश उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, गंगाकाठी फिरताना केलेला आहे, आणि भूमी निःसत्त्व होण्याआधीच औषधी गोळा करून ठेवा असे ते शिष्याला बजावतात. कोल्हापुरात या पूर्वतयारीत गोळ्यांच्या साठ्याइतकीच निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्याच्या, आतील बांधकामे, पुनर्वसनाचे भूखंड आणि दोन राज्यांतील धरणांच्या विसर्गाचा मेळ यांचीही गणना करावी लागेल.