साधनांची शुचिता आणि साताऱ्याचे प्रतिसरकार

स्वातंत्र्य हे परमेश्वराने माणसाला दिलेले दान आहे, ती कोणा राजाची बक्षिसी नव्हे, याविषयी आपल्यात दुमत नसावे. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. हे दान कोणी हिरावून घेतले, तर ते परत मिळविण्यासाठी माणसाने कोठवर जावे? शस्त्र उचलावे काय? खजिना लुटावा काय? आपल्यातल्याच फितुराला शिक्षा करावी काय? हे प्रश्न पोथीतले वाटतात; परंतु सातारा जिल्ह्यात १९४२ ते १९४६ या काळात ते गावोगाव उभे राहिले होते, आणि त्यांतल्या सर्वांत अवघड प्रश्नाचा उच्चार झाला तो पाचगणीत.

पाचगणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या वसतिगृहांच्या शाळा, धर्मभगिनींचे कॉन्व्हेंट, सिल्व्हर ओकची उंच झाडे आणि टेबललँडचे विस्तीर्ण पठार. इंग्रज अधिकाऱ्यांच्या विश्रांतीसाठी वसविलेले हे गाव. मात्र ज्या मुलखाकडे ते पाहते, तो मुलूख त्या काळी धुमसत होता. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुकेही येत असत.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि नेते तुरुंगात गेले. तेव्हा साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी प्रथम शस्त्र उचलले नाही, हे विसरता कामा नये. त्यांनी मोर्चे काढले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा तालुक्यांच्या कचेऱ्यांवर तिरंगा लावायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला या निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथी धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या झाडल्या गेल्या. उघड मार्ग असा रक्ताने बंद झाल्यावर अनेक तरुण भूमिगत झाले, आणि १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही त्यातली काही ठळक नावे.

हे सरकार केवळ नावाचे नव्हते. गावातले तंटे सोडविण्यासाठी त्याची न्यायमंडळे होती. सावकाराचा पाश सैल करणे, दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे, दारूला आळा घालणे, कमी खर्चात विवाह लावून देणे, अशी कामे ते करी. त्याचे स्वतःचे सैन्यही होते, तुफान सेना. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ या सेनेने रेल्वेतून जाणारी सरकारी पगाराची रोकड हस्तगत केली. इंग्रज सरकारच्या लेखी हा निव्वळ दरोडा होता. लोकांच्या लेखी, आपल्याच घामाचा पैसा आपल्याकडे परत आला होता.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. लोक या सरकारला ‘पत्री सरकार’ म्हणू लागले, ते त्याच्या शिक्षेमुळे. पायांना घोड्याच्या नालासारखे पत्रे ठोकतात, अशी आख्यायिका पसरली. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे तडाखे दिले जात, असे चळवळीतले लोक सांगत. सावकार, गुंड, पोलिसांचे खबरे यांना ही शिक्षा होई आणि काही प्रसंगी मजल त्याहूनही पुढे, जिवापर्यंत गेली. ज्याला शिक्षा झाली त्याला दाद मागायला दुसरी जागा नव्हती.

अशा वेळी, मे १९४४ मध्ये, गांधीजींची आगाखान पॅलेसमधून सुटका झाली. प्रकृती खालावली होती. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई या दोघांचेही त्या बंदिवासात निधन झाले होते. जुलैमध्ये ते विश्रांतीसाठी पाचगणीच्या ‘दिलखुशा’ बंगल्यात येऊन राहिले. येथूनच १७ जुलै रोजी त्यांनी चर्चिल आणि जिना या दोघांनाही पत्रे लिहिली. येथूनच महिनाअखेरीस त्यांनी भूमिगतांना उद्देशून निवेदन काढले. गुप्तता हे पाप आहे, ते हिंसेचेच लक्षण आहे. जे भूमिगत आहेत त्यांनी प्रकट व्हावे आणि तुरुंग पत्करावा, असा त्याचा आशय होता.

साताऱ्याच्या रानावनात हा सल्ला कसा पोहोचला असेल? बहुतेकांनी तो मानला नाही. आपण पुढे झालो तर ज्यांनी आपल्याला भाकरी दिली, लपविले, त्या गावांचे काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. इंग्रजांच्या हाती ते लागले नाहीत.

दोन्ही बाजूंना थोर माणसे, दोन्ही बाजूंना देशप्रेम. मग आपण, ख्रिस्ती कुटुंबांनी, याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘देवाची नगरी’ या ग्रंथात एका समुद्री चाच्याची गोष्ट सांगितली आहे. अलेक्झांडरने त्याला पकडून जाब विचारला, तेव्हा तो निर्भयपणे उत्तरला की, तुम्ही जे सगळ्या जगाचे करता तेच मी समुद्राचे करतो. माझे जहाज एकच म्हणून मी चोर, तुमचे आरमार मोठे म्हणून तुम्ही सम्राट. न्याय वजा केला तर राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळी, हा ऑगस्टीन यांचा निष्कर्ष. शेणोलीच्या घटनेला ‘दरोडा’ म्हणणाऱ्या साम्राज्याला हे उत्तर पुरेसे आहे. पण ही तलवार दुधारी आहे. न्याय वजा केला तर स्वातंत्र्यसैनिकांची तुकडीही टोळीच ठरेल. म्हणून प्रतिसरकारची कसोटी त्याच्या शौर्यात शोधून चालणार नाही. ती त्याच्या न्यायदानात शोधावी लागेल.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाला तीन अटी घातल्या: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. जुलमी सत्तेचा प्रतिकार म्हणजे राजद्रोह नव्हे, असेही ते सांगतात; मात्र त्या प्रतिकारातून प्रजेचे अधिक नुकसान होता कामा नये. ख्रिस्तसभेची १९९२ ची श्रद्धाशिक्षणाची संहिता सशस्त्र प्रतिकाराला आणखी कडक अटी घालते: मूलभूत हक्कांची गंभीर आणि दीर्घकाळ पायमल्ली, अन्य सर्व मार्ग संपलेले असणे, अधिक मोठा अनर्थ न ओढवणे, यशाची साधार आशा आणि त्याहून बरा उपाय न दिसणे. आणि २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले की, जुन्या काळच्या निकषांवर आज ‘न्याय्य युद्धा’ची भाषा करणे फार कठीण झाले आहे.

या कसोट्या केवळ आपल्यालाच लावायच्या नाहीत. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी १७७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याला शरण आणले. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला! त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत चार्ल्स कॅरोल हे एकच कॅथलिक होते. त्यांच्या मेरीलँडमध्ये तोवर कॅथलिकांना सरकारी अधिकारपद वर्ज्य होते. ज्यांना स्वतःच्याच वसाहतीत दुय्यम मानले गेले, त्यांनीही त्या लढ्यात सर्वस्व पणाला लावले. आपल्या काका बॅप्टिस्टांनी लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून होमरूलचे काम केले, त्याची येथे आठवण होते.

तरीही त्या लढ्याचे दुसरे पान काळे आहे. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या शेजाऱ्यांना जमावाने अंगाला डांबर फासून, वर पिसे चिकटवून गावभर फिरविले. हजारो कुटुंबे घरदार सोडून कॅनडाकडे गेली. १७८३ च्या पॅरिस तहात त्यांची मालमत्ता परत करण्याची शिफारस होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. आणि समतेचा घोष करणाऱ्या त्या देशात गुलामगिरी पुढे ऐंशीहून अधिक वर्षे टिकली. कारण न्याय्य असले म्हणून प्रत्येक कृत्य न्याय्य होत नाही, हे वॉशिंग्टनच्या देशात जितके खरे, तितकेच कुंडल-वाळव्याच्या पट्ट्यातही खरे आहे.

आम्हाला असे वाटते की, प्रतिसरकारचे कारण न्याय्य होते, आणि ज्या सत्तेने निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या तिच्यापेक्षा त्याला लोकांची संमती अधिक होती. ज्या सरकारला गावाने भाकरी दिली आणि ज्याच्यापुढे आपली भांडणे नेली, त्याला टोळी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही गांधीजींनी पाचगणीहून बोट ठेवले ते नेमक्या दुखऱ्या जागी. अंधारात केलेल्या शिक्षेला कोणी उत्तरदायी नसते. आरोपी खरोखर खबऱ्या होता की कोणाच्या भाऊबंदकीचा बळी, हे नंतर तपासणार कोण? जो सत्याने वागतो तो उजेडाकडे येतो, ही प्रभू येशूची शिकवण केवळ खासगी जीवनापुरती नाही. दंड देण्याचा अधिकार जेवढा मोठा, तेवढी त्याला उजेडाची गरज अधिक. लपून राहणे हे अगतिकतेतून क्षम्य ठरेल. लपून दंड देणे मात्र शुद्ध हेतूच्या माणसालाही हळूहळू बदलून टाकते.

यावर कोणी म्हणेल, ज्यांनी आपल्यासाठी घरावर तुळशीपत्र ठेवले, त्यांचा न्याय करणारे आपण कोण? प्रश्न रास्त आहे. परंतु कृतज्ञता आणि सत्य यांचे वैर नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून शतकानुशतके घडलेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. त्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही. ज्या आईवर आपले प्रेम असते, तिच्या घरातले सत्य आपण झाकत नाही.

म्हणून आपल्या मुलांना नाना पाटलांची गोष्ट अवश्य सांगावी. वडूजच्या हुतात्म्यांची सांगावी, शेणोलीची सांगावी. त्याबरोबर, ज्याच्या तळपायावर काठी पडली आणि ज्याला दाद मागायला जागा नव्हती, अशा अनामिक माणसाचीही सांगावी. तो दोषी असेल किंवा नसेल. पण तोही परमेश्वराच्या प्रतिमेत घडलेला होता. न्याय्य लढ्याचे खरे मोल, तो लढा जिंकल्यावर आपण या माणसाची आठवण ठेवतो की नाही, यावर ठरते.