तोफेचा धनी

जेऊर स्थानकावर उतरून आम्ही परांड्याचा किल्ला पाहावयास गेलो, तेव्हा तेथे नसलेल्या तोफेनेच आमचे मन व्यापले. १५४९ साली महंमद बिन हसन रूमीने अहमदनगरास ओतलेली 'मुलूखमैदान' निजामशाहीच्या या सरहद्दीवर होती. १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. पुढे औरंगजेबाने तिच्यावर आपला विजयलेख कोरविला. ओतणाऱ्याचा लेख मात्र राहिला. १८५४ साली लिलावात तिला अवघी १५० रुपयांची बोली आली. लोकांची श्रद्धा जाणून विक्री रद्द झाली. मग तिचा खरा धनी कोण? आम्हांस वाटते, हा वाद मिटावयाचा नाही. परंतु जुने शस्त्र ज्याच्या हाती असेल, त्याने पूर्वीच्या सर्व धन्यांची नावे सांगावी. एखादे सोयीने गाळणे ही चोरीच होय.