अर्थ लागत नाही

आजार दोन प्रकारचे असतात. एक, जे डॉक्टरांसमोर दिसतात. आणि दुसरे, जे डॉक्टरांचा जिना चढतानाच बरे होतात. पहिल्या प्रकारच्या रोग्याला सहानुभूती मिळते, मोसंबी मिळतात, भेटायला आलेल्यांची गर्दी मिळते. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला एकच वाक्य मिळतं : ‘तुला काहीही झालेलं नाही!’

आमच्या घरात दुसऱ्या प्रकारचे दोन रोगी होते. एक आमची फियाट, आणि दुसरी आमची ही. (हा क्रम मी एकदा घरात मोठ्यानं म्हणून पाहिला आहे. तुम्ही पाहू नका.)

फियाट 1100, 1968 सालची, वडिलांनी घेतलेली. बारा व्होल्टची बॅटरी, डायनामो, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. गाड्यांचे जाणकार खरं तर 1919 ते 1930 या काळातल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. पण 2021 साली आपल्या सरकारनं नियम केला, की पन्नाशी उलटलेली गाडी मूळ रूपात राखली असेल तर ती व्हिंटेज. मी साठी उलटून बरीच वर्षं झाली, मूळ रूपही फारसं बदललेलं नाही. पण मला नुसतं ज्येष्ठ नागरिक म्हणतात. असो.

तर फियाटचा आजार असा. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ मारला की आतून नुसतं ‘टक’. पुन्हा मारला, पुन्हा ‘टक’. दहा मिनिटं खाली उतरून बॉनेट उघडायचं, कपाळावर आठ्या घालून आत पाहायचं, बंद करायचं, की गाडी पहिल्या फटक्याला चालू! लग्नाला निघालं की ‘टक’. खंबाटकी घाटात चहाला थांबलं की ‘टक’. आणि गॅरेजमध्ये नेली की पाहुण्यांसमोर श्लोक म्हणणाऱ्या गुणी मुलीसारखी लगेच सुरू. मेकॅनिक दहा वेळा सेल्फ मारून दाखवायचा आणि मग गाडीऐवजी माझ्याकडे पाहायचा. त्या नजरेत ‘साहेबांना रिटायर होऊन किती दिवस झाले?’ हा प्रश्न मला स्वच्छ वाचता येई.

तरीही उपचार झाले. बॅटरी बदलली, सेल्फचे कार्बन बदलले, कॉईल बदलली, किल्लीचं स्विच बदललं. एकानं टेस्ट लॅम्प लावून सगळ्या तारा माझ्यादेखत तपासल्या. बल्ब प्रत्येक ठिकाणी झकास पेटला. “बघा, करंट सगळीकडे आहे,” तो म्हणाला. मलाही पटलं. सगळं ठीक असूनही जी बंद पडते तिला काय म्हणायचं? मी तिला ‘नाटकी’ म्हणू लागलो.

आता दुसऱ्या रोग्याकडे येतो. हिला अधूनमधून छातीत धडधडे, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि दोन मिनिटांत सगळं शांत. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. कार्डिओग्राम काढला. नॉर्मल. महिन्यानं पुन्हा काढला. नॉर्मल. दोन कागद हातात आल्यावर माझ्यातला न्यायाधीश जागा झाला. “अगं, गॅसेस असतील. नाहीतर मनाचे खेळ,” मी निकाल दिला. ती काही बोलली नाही. पुढे तिनं धडधडीची तक्रारच बंद केली, आणि तक्रार थांबली म्हणजे आजार बरा झाला, असा हिशोब मी मांडला. कितीतरी नवरे हा हिशोब मांडतात आणि सुखानं झोपतात.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. सगळे त्याला उस्ताद म्हणत. गाडी अर्थातच फुलासारखी चालू झाली. मी ओशाळून म्हणालो, “आत्ता चालतेय, पण खरंच बंद पडते हो!”

“पडत असणार,” उस्ताद म्हणाला. “उगाच कोण इथवर येईल? बंद पडते तेव्हा आणखी काय काय होतं, ते सांगा.”

मला काही आठवेना. तेवढ्यात गाडीतून ही म्हणाली, “चोकची तार गरम लागते.”

मी दचकलो. थंडीत चोक ओढण्याचं काम हिचं. तारेचा चटका बसतो हे तिनं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि मी हसून म्हणालो होतो, “चोकच्या तारेत कुठून आली वीज?”

उस्ताद मात्र हसला नाही. त्यानं कॉईलची तार काढली, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला लावलं, दुसरं इंजिनला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ झकास फिरला. “बघा, तीन व्होल्ट,” तो म्हणाला. “अर्धासुद्धा दिसायला नको. साहेब, तुमच्या इंजिनला अर्थ नाही.”

आयुष्याला अर्थ नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटले होते. मोजून दाखवणारा हा पहिलाच.

प्रकार असा होता. इंजिन रबरावर बसलेलं असतं. वीज बॅटरीतून सेल्फपर्यंत जाडजूड तारेनं जाते, पण परत यायला इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते. चार वर्षांपूर्वी मी हौसेनं गाडीला नवा रंग दिला होता. ती पट्टी त्या चकचकीत रंगावरच आवळली गेली. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या कडेनं जेवढा पत्रा टेकत होता, तेवढ्यावर कारभार चालला होता. गाडी हलली, तापली, गंज धरला, की तेवढंही टेकणं सुटे. मग परत येणारी वीज बिचारी चोकच्या तारेतून वाट काढी आणि तार तापे.

“पण मग टेस्ट लॅम्प कसा पेटला?”

“बल्बला लागतो अर्धा अँपिअर. सेल्फला शंभराच्या वर. चिंचोळ्या बोळातून सायकल जाते साहेब, वरात नाही जात.”

घरी येऊन मी वहीत हिशोब केला. ओहमनं आपला नियम 1827 साली छापला. माझ्यापर्यंत पोचायला त्याला जरा उशीर झाला. वाटेत ओहमचा विसावा हिस्सा एवढा अडथळा असला, तर बल्बचं काहीच बिघडत नाही. पण शंभर अँपिअर ओढणाऱ्या सेल्फचे पाच व्होल्ट वाटेतच खलास. म्हणजे बिघाड अधूनमधून नव्हताच. तो चोवीस तास तिथं होता. अधूनमधून होतं ते फक्त त्याचं दिसणं.

आपल्या मीमांसकांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. एखादी गोष्ट दिसत नाही यावरून ती नाही असं म्हणता येतं, पण अट आहे : ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. दिवा लावलेल्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. मी मात्र अंधारात उभा राहून दोन वर्षं ‘घडा नाही’ म्हणत होतो. आणि घडा आहे म्हणणाऱ्या माणसाला नाटकी ठरवत होतो. नुसतं गाडीला म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

त्या रात्री मी हिला विचारलं, “धडधडतं का गं अजून?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुम्हाला आज कशी आठवण झाली?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उस्तादानं फियाटवर जेवढा विश्वास ठेवला, तेवढा मी हिच्यावर ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. साधा कार्डिओग्राम साधारण दहा सेकंदांचा असतो, हे मला तेव्हा कळलं. दिवसातली दहा सेकंदं! हॉल्टर नावाच्या अमेरिकन माणसानं 1940 च्या दशकात हृदयाची नोंद चालत्याबोलत्या माणसावर घेणारं यंत्र केलं. ते पाठीवर वाहायचं आणि त्याचं वजन होतं सुमारे 38 किलो. आता ते मुठीत मावतं. हिनं ते चोवीस तास बाळगलं आणि सोबत वहीत नोंदी केल्या. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ठोके खरंच वेडेवाकडे पळाले होते. वहीत नोंद होती : ‘जिना चढले. धडधड. हे झोपलेले.’

गोळ्या सुरू झाल्या. धडधड थांबली आहे. उस्तादानं पॉलिश पेपरनं रंग खरवडून नवी पट्टी आवळली, तेव्हापासून गाडीही रुसलेली नाही. मीही पुष्कळ सुधारलो आहे. परवाच ही म्हणाली, “अहो, तुम्हाला अधूनमधून ऐकू येत नाही हल्ली. कान दाखवून घ्या.”

“छे! मला तर सगळं ऐकू येतं,” मी म्हणालो.

“हे मी तिसऱ्यांदा सांगतेय,” ती म्हणाली.