जेलरची फी

इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या हाय स्ट्रीट आणि सिल्व्हर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पूर्वी कौंटीचा एक लहानसा तुरुंग होता. धर्मोपदेशक जॉन बन्यन इथे १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे अडकून पडला होता. गुन्हा इतकाच, की राजमान्य चर्चबाहेर लोकांना जमवून तो प्रवचन करी. 'पुन्हा करणार नाही' एवढे म्हटले असते तर सुटला असता. तो म्हणाला नाही. याच कोठडीत त्याचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक आकाराला आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने ते मराठीत आणले.

मला मात्र बन्यनपेक्षा त्याच्या जेलरचे कुतूहल जास्त आहे. सुरुवातीच्या काळात जेलरने या कैद्याला खुशाल बाहेर सोडले. बन्यन प्रवचने करून आला, एकदा तर थेट लंडनला जाऊन आला. हे फुटल्यावर जेलरची नोकरी जाता जाता वाचली आणि बन्यनचे फिरणे बंद झाले. कोठडीत बसून तो नाड्यांच्या टोकांना धातू बसवून त्या विकत असे, कारण घरी बायको आणि चार मुले होती, थोरली मुलगी आंधळी.

एवढी मोकळीक आणि एवढी हेळसांड एकाच ठिकाणी कशी? कौंटीला तुरुंग हवा होता, खर्च नको होता. जेलरला पगार नसे; कैद्याकडून मिळणाऱ्या फीवर त्याचे चाले. अन्न, बिछाना, सुटका, सगळ्याला दर. असा माणूस सवलत देतो तीही मर्जीने आणि अडवतो तेही मर्जीने. बन्यनच्या जेलरला मी भला माणूस म्हणेन, पण ज्या व्यवस्थेत कैद्याला जेलरच्या भलेपणावर जगावे लागते, ती वाईटच.

शंभर वर्षांनी, १७७३ मध्ये, जॉन हॉवर्ड बेडफर्डशरचा शेरीफ झाला. बन्यनच्याच मंडळीत तो अनेक वर्षे उपासनेला जात असे. म्हणजे चर्चबाह्य पंथाचा माणूस आता त्याच तुरुंगाचा अधिकारी होता. शेरीफपद बहुतेक जण मिरवण्यापुरते घेत, हॉवर्ड मात्र आत शिरला. निर्दोष सुटलेली माणसेही जेलरची फी देता येत नाही म्हणून आत खितपत असल्याचे त्याला दिसले. त्याने कौंटीच्या दंडाधिकाऱ्यांना सुचवले, फीऐवजी जेलरला पगार द्या. ते म्हणाले, असे कुठे होते ते दाखवा. दाखला शोधायला तो घोड्यावर बसून शेजारच्या कौंट्यांत गेला आणि तिथेही हेच चालू असल्याचे पाहून परतला.

हॉवर्डला करुणेचा पुतळा करून ठेवतात. ते मला अपुरे वाटते. त्याचे खरे काम हिशेबनिसाचे होते: कुठल्या तुरुंगात किती कैदी, फी किती, पाणी आहे का, हे त्याने एकेक करून लिहून काढले. १७७४ मध्ये त्याने संसदेच्या सभागृहात साक्ष दिली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्यांची फी काढून खर्च कौंटीवर टाकला. दुसरा कोठड्यांच्या स्वच्छतेबद्दल होता, कारण तुरुंगातला ताप फाशीपेक्षा जास्त माणसे मारत होता. पुष्कळ जेलरांनी हे कायदे धाब्यावर बसवले. हॉवर्ड १७९० मध्ये दक्षिण युक्रेनमधल्या खेर्सोनला तापानेच गेला.

दोषी ठरलेल्यांकडून आणि कर्जबाजाऱ्यांकडून फी घेणे त्यानंतरही चालूच राहिले. ती बंद करणारा कायदा झाला १८१५ मध्ये.