अडीच डॉलरांची फिर्याद

न्यायासनापुढे उभे राहण्यास मोल पडावे की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु वादी जेव्हा बंदिवान असतो तेव्हा त्याला निराळीच धार येते. अमेरिकेत १९९६ साली कैद्यांच्या दाव्यांविषयी जो कायदा संमत झाला, त्यान्वये नादार ठरलेल्या कैद्यासही संघीय न्यायालयाची रसूम, जी आज ३५० डॉलर आहे, पुरी भरावी लागते. सवलत एवढीच की ती हप्त्यांनी भरता येते. तुरुंगातील आपल्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा त्याने जोडावयाचा, त्यावरून ठरेल तो पहिला हप्ता द्यावयाचा, आणि पुढे शिल्लक दहा डॉलरांवर गेली की मागील महिन्याच्या जमेतील वीस टक्के रक्कम परस्पर वळती व्हावयाची. ज्याच्यापाशी कवडीही नाही त्याला केवळ त्या कारणास्तव अडवू नये, असे त्याच कायद्याचे एक कलम सांगते, हे खरे. तथापि उतारा वेळेत दाखल झाला नाही किंवा हप्ता मुदतीत पोहोचला नाही, तर दावा काढून टाकला जातो, आणि मूळ तक्रारीत तथ्य होते की नाही, हे पाहण्याचा प्रसंगच येत नाही.

या कायद्याच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. निरर्थक दाव्यांनी न्यायालये तुंबली होती, आणि ज्याला तासाभराच्या श्रमाचे काही सेंटच मिळतात, तो लहानशी रक्कम मोडतानाही दहादा विचार करील, असे त्यांचे म्हणणे होते. हास्यास्पद दाव्यांचा मासला म्हणून ते एका कैद्याची गोष्ट सांगत: मुलायम पीनट बटरऐवजी रवाळ मिळाले, म्हणून हा गृहस्थ कोर्टात गेला! अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद तपासले, तेव्हा हकीकत वेगळीच निघाली. चुकीचा माल त्या कैद्याने परत केला होता, बदली माल हाती पडण्यापूर्वीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि खात्यातून वजा झालेले अडीच डॉलर मात्र परत जमा झाले नाहीत.

येथे एकाच हाती दोन तराजू दिसतात. रसूम आकारताना कैद्याची लहान रक्कम त्याला मोठी वाटते, असे मानावयाचे. आणि तीच लहान रक्कम त्याने गमावली, म्हणजे तिच्यासाठी भांडणारा हास्यास्पद ठरवावयाचा. अल्प धनाचे मोल जर त्याला खरोखरच मोठे असेल, तर त्याची हानीही मोठीच मानली पाहिजे.

मोकळ्या माणसाला अन्यायी मालकाची नोकरी सोडता येते, लबाड दुकानदाराचे दुकान टाळता येते. बंदिवानाला तुरुंग बदलण्याची मुखत्यारी नसते, आणि कारभाऱ्यांवर त्याचा इलाज चालावयाचा तो बहुधा न्यायालयाच्याच द्वारा. म्हणून ज्या राज्याने मनुष्याला कोंडून ठेवण्याचा खर्च पत्करला, त्याने त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याचा खर्चही त्याच जमाखर्चात धरावा, हेच न्यायाला धरून होईल.